वर एक काडीपेटी

"सहाशे सहासष्ट झाले जी काकू," दुकानदार म्हणाला आणि पाकिटात गेलेला आईचा हात तिथंच थांबला. नागपुरातल्या बर्डीवरचं हे किराणा दुकान आमचं जुनं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारचे बारा वाजत आलेले. दाराशी लावलेल्या कूलरमधून वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास येत होता आणि त्या गारव्यात आणखी दोन मिनिटं उभं राहता यावं म्हणून गिऱ्हाइकं उगाच एखादी वस्तू जास्त घेत होती. आईनं बिल डोळ्यांजवळ नेलं, पुटपुटत बेरीज परत केली (ती बरोबर होती) आणि अगदी सहज म्हणाली, "वर एक काडीपेटी दे रे." सहाशे अडुसष्ट. तिनं पैसे मोजून दिले. विषय तिथंच संपला असता, पण मला राहवलं नाही. चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "आई, काय हे? पस्तीस वर्षं गणित शिकवलंस ना तू? आणि एका आकड्याला घाबरतेस?" मागे उभ्या असलेल्या एक बाई हसल्या. दुकानदार बिचारा सांभाळून घेत म्हणाला, "राहू द्या नं ताई. आमच्यात तरी आहेरात शंभर कोण देते? एकशे एकच देतो नं." आई काही बोलली नाही. काडीपेटी तिनं किराण्याच्या पिशवीत टाकली नाही, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली आणि डोक्यावरून पदर घेऊन उन्हात उतरली.

आमच्या घरी काडीपेटी लागत नाही. लायटर आहे.

ते वाक्य मी कुणासाठी बोलले, हा प्रश्न मला नंतर बरेच दिवस चावत राहिला. आईसाठी तर नक्कीच नाही. बोलले ते त्या हसणाऱ्या बाईंसाठी. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला एक सवय जडते. आडनाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो, मग "म्हणजे नाताळाला केक घरीच करता का हो?" असं काहीतरी प्रेमानंच विचारतो, आणि आपण पुढचा अर्धा तास 'आम्हीही तुमच्यासारखेच' हे न सांगता सांगत बसतो. आमच्यासारखेच म्हणजे वडाभात खाणारे, उन्हाला शिव्या देणारे, संत्री सोलून बिया खिडकीतून फेकणारे. त्यात बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, हे श्वापद आणि त्याची संख्या, सहाशे सहासष्ट, मध्येच येऊन उभी राहिली की माझे कान गरम होतात. आपल्या घरातली खासगी भीती वाण्याच्या गल्ल्यावर सांडल्यासारखं वाटतं.

परतताना ऑटो झिरो माइलवरून आला. वाळूच्या दगडाचा तो खांब, खाली हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशी गावं आणि त्यांचे मैल कोरलेले, आणि शेजारी उधळायच्या बेतात असलेले चार घोडे. नागपूरकरांना आता ते दिसतही नाहीत. समोरून मेट्रो जाते, तिच्याकडे सगळे बघतात. मला मात्र ते आजही नुसते घोडे वाटत नाहीत. संडेस्कूलमध्ये प्रकटीकरणाचा सहावा अध्याय ऐकला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. कोकरा, म्हणजे ख्रिस्त, गुंडाळीवरची एकेक मोहर फोडतो आणि एकेक घोडा निघतो. पांढरा, तांबडा, काळा, आणि शेवटचा फिकट, ज्याच्यावरच्या स्वाराचं नावच मरण. 'फिकट'साठी मूळ ग्रीक शब्दात हिरवट छटा आहे, प्रेताच्या कातडीची, हे पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच कळलं की चार घोडे आहेत आणि ते आमच्या सिव्हिल लाइन्समध्ये उभे आहेत. बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून तिथून जाताना मी डोळे मिटायचे. एकदा धीर करून विचारलं, "बाबा, ह्यांच्यावरचे स्वार कुठे गेले?" बाबा घामाघूम होऊन पायडल मारत होते. म्हणाले, "ऊन केवढं आहे! बसले असतील कुठं सावलीत." त्यानंतर कित्येक महिने विधानभवनाकडच्या झाडांखाली बसलेल्या प्रत्येक माणसाकडे मी निरखून पाहत असे.

आईचं त्या घोड्यांबद्दलचं मत वेगळं होतं. काळ्या घोड्याच्या स्वाराच्या हातात तराजू असतो आणि आवाज येतो तो भाव सांगणारा: दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू, किंवा तीन शेर सातू, पण तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावायचा नाही. म्हणजे गरिबाच्या भाकरीला आग लागेल आणि श्रीमंताची चैन शाबूत राहील. आई म्हणायची, "हा तर येऊन गेला. बहात्तर साली मी रांगेत उभी होते ना." १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला तो लाल मिलो, त्याच्या भाकरीला येणारा कुबट वास आणि गिळताना घशाला होणारी टोचणी ती अशी सांगायची की जणू त्या स्वारानं तराजू तिच्याच पिशवीत रिकामा केला होता. मला वाटतं, हे पुस्तक पहिल्यांदा ज्यांना वाचून दाखवलं गेलं त्यांनीही ते असंच ऐकलं असेल. पात्म नावाच्या बेटावर अडकलेला योहान, हे पुस्तक लिहिणारा, समोर आशियातल्या सात मंडळ्या, म्हणजे तिथले ख्रिस्ती समुदाय, इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे, सगळ्या आजच्या तुर्कस्तानात. वरती रोमचं राज्य. त्या लोकांना 'सात टेकड्यांवर बसलेली बाई' म्हणजे कोणतं शहर हे समजवायला तक्ता लागला नसणार.

तक्ता आमच्या मामांकडे होता.

मामा रेल्वेत होते आणि जगाच्या शेवटच्या दिवसांचे जाणकार होते. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग व्हायची. सतरंजी, पेटी, दोन गीतं, मग मामा भिंतीवरच्या खिळ्याला कापडी तक्ता अडकवायचे. त्यावर बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातला, नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातला पुतळा रंगवलेला होता. सोन्याचं डोकं बाबेल, रुप्याची छाती मेदी आणि पारसी, पितळेचं पोट ग्रीक, लोखंडाचे पाय रोम, आणि अर्धी लोखंडाची अर्धी मातीची पावलं म्हणजे आपण, आज, नागपूर, शुक्रवार संध्याकाळ. पायाची दहा बोटं म्हणजे युरोपची सामायिक बाजारपेठ. १९८१ मध्ये ग्रीस दहावा सभासद झाला तेव्हा मामांचा चेहरा असा उजळला होता की मामींना वाटलं बढती मिळाली. मग १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आत आले आणि पुतळ्याला बारा बोटं झाली. मामांनी त्या शुक्रवारी तक्ता आणलाच नाही. बाबा घरी येताना म्हणाले, "सहा बोटांची माणसं असतात की. शमुवेलाच्या पुस्तकात आहे एक." आई इतकी हसली की तिला रस्त्यात थांबावं लागलं.

पण मामांना एकट्यालाच काय म्हणायचं? धर्मसुधारक लूथरला त्या श्वापदात पोप दिसला, आणि तरी १५२२ च्या प्रस्तावनेत त्यानंच लिहून ठेवलं की हे पुस्तक आपल्या मनाला पटत नाही. दुसऱ्या सुधारकानं, कॅल्विननं, नव्या करारातल्या बाकी जवळजवळ सगळ्या पुस्तकांवर भाष्य लिहिलं, ह्याला हात लावला नाही. संत ऑगस्टीननं फार पूर्वीच सांगितलं होतं की ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य हे मोजायचं नसतं, ते मंडळीच्या काळाचं चित्र आहे. अमेरिकेतल्या विल्यम मिलरनं मात्र मोजदाद केली. दानिएलातल्या दोन हजार तीनशे दिवसांची वर्षं केली, आणि त्याच्या अनुयायांनी ख्रिस्त परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. हजारो माणसं रात्रभर जागी राहिली. कित्येकांनी शेतातलं पीक कापलंच नव्हतं, कशाला कापायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. मला त्या पिकाचं नेहमी वाईट वाटतं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप नागपुरात आला. तो धर्मोपदेशक खरा, पण फावल्या वेळात टाकळीच्या आसपासचे दगड फोडून त्यातले जीवाश्म गोळा करायचा. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेली पानं, बिया, गोगलगाई. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकांच्या काळातच डायनोसोर संपले. बर्डीच्या टेकडीचा काळा दगड त्याच लाव्ह्याचा. म्हणजे एक जगबुडी आमच्या पायाखालीच आहे, आणि तिच्यावर किराणा दुकान आहे.

१९७० च्या २९ नोव्हेंबरला इथंच, नागपुरात, सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की मोठेपणी, असल्या जुन्या भांडणांवरही मोठ्या माणसांनी तोडगा काढला. आमच्या घरात मात्र मामा आणि बाबा ह्यांचं प्रभूच्या येण्यावरून शेवटपर्यंत जमलं नाही. मामांच्या इंग्रजी बायबलात प्रत्येक पानाखाली बारीक टिपा होत्या, स्कोफिल्डच्या, १९०९ सालच्या. त्या टिपांतून त्यांना हे पक्कं माहीत होतं की संकटाची सात वर्षं सुरू होण्याआधीच विश्वासणारे वर उचलले जाणार. एकोणिसाव्या शतकात प्लिमथ ब्रदरन पंथातल्या डार्बी नावाच्या माणसानं ही मांडणी रुजवली, त्याआधी ह्या रूपात ती फारशी कुणी शिकवली नव्हती, असं बाबा म्हणायचे. मामा म्हणायचे, तुम्ही खालीच राहा मग.

हा उचलून घेण्याचा भाग मला घोड्यांपेक्षाही वाईट गेला. पौलाच्या पत्राच्या मराठी भाषांतरात त्यासाठी 'मेघारूढ' असा शब्द आहे. शब्द किती सुंदर आहे! रामटेकच्या गडावर शाळेची सहल गेली, गुरुजी यक्षाची आणि त्याच्या मेघाची गोष्ट सांगू लागले तेव्हा मी आषाढातल्या त्या काळ्या ढगावर आमच्या मंडळीतली माणसं शोधत होते. पण एक दिवस दुपारी शाळेतून आले तर दार उघडं, रेडिओ चालू, परातीत अर्धवट मळलेली कणीक, आणि घरात कुणी नाही. आईच्या चपला दाराशीच होत्या. आजीची काठी खाटेला टेकलेली. मी हाक मारली. मग परसात गेले. मग पुन्हा आत येऊन त्या कणकेत बोट घालून पाहिलं. ती मऊ होती, म्हणजे नुकतीच... मला रडूही आलं नाही. मी फक्त विचार करत होते की दप्तर काढून ठेवायचं की नाही. शेजारच्या काकूंच्या घरी साप निघाला होता आणि सगळे अनवाणी तिकडे धावले होते, आजीसुद्धा, काठीशिवाय. दहा मिनिटांत परत आले. आईनं माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता मला जवळ घेतलं. तिच्या हाताची कणीक माझ्या वेण्यांना लागली. त्या शुक्रवारी ती मीटिंगला गेली नाही. मामांना निरोप गेला की डोकं दुखतंय. त्यानंतर तिचं डोकं दर शुक्रवारी दुखू लागलं.

हे मला कसं विसरता आलं, कोण जाणे. बर्डीवरच्या दुकानात मात्र हे आठवलं नव्हतं.

१९९९ च्या ३१ डिसेंबरला वॉच नाइटची उपासना नेहमीपेक्षा भरगच्च होती. संगणक बंद पडणार, बँका बुडणार, मग एकच राजा येऊन सगळ्यांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण करणार, खुणेशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, हे सगळं तोवर पत्रकांतून घरोघर पोचलेलं. आधी बारकोड होता, मग संगणक, मग आधारचा अंगठा, आता क्यूआर कोड. बाराचे ठोके पडले, घंटा वाजली, स्वेटर घातलेल्या माणसांनी एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या, आणि मला हलकं वाटलं, अन् कुठंतरी तळाशी थोडीशी निराशाही. ती निराशा मी कुणाला सांगितली नाही. सगळं एकदाचं उलगडेल, कोण बरोबर होतं ते कळेल, परीक्षेचा निकाल लागेल अशी जी एक आशा ह्या भीतीच्या पोटात असते, तिचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

२०२० च्या मे महिन्यात तर मोबाइलनं कहर केला. साथ सुरू, रस्ते ओस, आणि त्यातच काटोलकडे टोळधाड आली. संत्र्याच्या बागांमध्ये शेतकरी थाळ्या वाजवत धावत होते. प्रकटीकरणातले पाचव्या कर्ण्याचे टोळ आले म्हणून दिवसाला चाळीस निरोप. मीही मनातून चरकले होते, खोटं कशाला बोलू. आईनं चष्मा लावून नववा अध्याय काढला आणि म्हणाली, "ह्यात तर उलटं आहे. हे टोळ गवताला आणि झाडांना हात लावायचा नाही, माणसांनाच छळायचं असं आहे. काटोलचे झाडं खाऊन राहिले. हे साधे टोळ." आणि चष्मा काढून ठेवला. तसंच २०२४ च्या ३० मेला. नागपुरात ५६ अंश, अशी बातमी देशभर फिरली. प्रकटीकरणातली देवाच्या कोपाची चौथी वाटी, सूर्यावर ओतलेली, ह्याहून वेगळी काय असणार? दुसऱ्या दिवशी हवामान खात्यानं सांगितलं की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. खरं तापमान पंचेचाळीसच्या आसपास. पंचेचाळीस ऐकून आम्हाला गार वाटलं.

तर काडीपेटीची गोष्ट. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी आई पलंगावर बसून उशांना खोळी घालत होती. मी तयारी करून गेले होते. तिला समजावून सांगायचं, प्रेमानं, पण एकदा नीट. मी म्हटलं, आई, योहानानंच लिहिलंय की बुद्धी असेल त्यानं ह्या संख्येचा हिशेब करावा, ती माणसाची संख्या आहे. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. 'नेरोन केसर' लिही आणि बेरीज कर. निरो बादशहा. एवढंच आहे ते. काही जुन्या हस्तलिखितांत तर सहाशे सोळा आहे, कारण लॅटिन वळणानं 'नेरो' लिहिलं की शेवटचा न गळतो आणि पन्नास कमी होतात. आईनं खोळीतून हात काढला, उशाशी असलेलं पवित्र शास्त्र घेतलं, तेराव्या अध्यायाचं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. समासात पेन्सिलीनं, तिच्या त्या आखीव अक्षरात, उभी बेरीज होती. ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. खाली रेघ. ६६६. आणि शेजारी, मुलांच्या वह्यांवर करायची तशी, बरोबरची खूण. पेन्सिल इतकी जुनी की अक्षरं रुपेरी झालेली.

"तुझ्या बाबांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू व्हायच्या आधी."

"मग घाबरतेस कशाला?"

"घाबरते कोण? तूच म्हणतेस ना निरो. त्यानं रोमला आग लागल्यावर आपली माणसं जाळली. दिव्यांसारखी. त्याच्या नावावर किराण्याचा हिशेब मिटवायचा नाही, एवढंच. दोन रुपयांत होऊन जाते."

मी गप्प. तेवढ्यात वीज गेली. बाहेर पावसाआधीचं वारं सुटलं होतं, धुळीचा वास, पत्रे वाजत होते. माझी भाची तिचा शाळेचा नकाशासंग्रह घेऊन खिडकीच्या उजेडात आली आणि आजीला म्हणाली, ते शहराचं गणित आज करू या ना. मला हे गणित माहीतच नव्हतं. आईच्या शास्त्रात शेवटून दुसऱ्या पानावर, जिथं नवं जेरुसलेम आकाशातून उतरतं, तिथंही पेन्सिल होती. लांबी, रुंदी, उंची सारखी, बारा हजार स्तदिया, म्हणजे जुनं ग्रीक अंतराचं माप. तिनं त्याचे बावीसशे किलोमीटर काढून ठेवले होते. बाराच्या पटीतले आकडे म्हणजे बारा वंश, बारा प्रेषित, पूर्णत्व वगैरे, हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. "पण दिलंय तर करून बघायला काय हरकत आहे?" तिनं पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून काडीपेटी काढली. आशियाच्या नकाशावर एक सेंटिमीटरला पाचशे किलोमीटर असं प्रमाण होतं. काडी पट्टीवर धरली, चार सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर. "शंभरेक किलोमीटर कमी पडून राहिले, चालेल." झिरो माइलवर बोट ठेवलं आणि ते मधोमध येईल अशा चार काड्या मांडल्या. दिल्ली आत आली. मुंबई, चेन्नई आत आली. कोलकाता अगदी काठावर. कन्याकुमारी आणि श्रीनगर बाहेर राहिली म्हणून भाची नाराज झाली. "आणि खरं जेरुसलेम?" मी विचारलं. आई म्हणाली, "ते पार डावीकडे राहिलं की."

मग ती भाचीला त्या शहराबद्दल सांगू लागली. वेशी दिवसा बंद होत नाहीत आणि तिथं रात्र नाही. सूर्याची गरज नाही. ("मे महिन्यातही नाही?" "कधीच नाही." आम्ही तिघींनी एक सुस्कारा सोडला.) नदीकाठच्या झाडाला दर महिन्याला फळ, वर्षाला बारा. आपल्या संत्र्याला मुख्य बहार दोनच, आंबिया आणि मृग, त्यातलाही एकच धरता येतो. आणि समुद्र नाही. "योहान बेटावर अडकला होता ना, त्याला त्या पाण्याचा वैताग आला असेल. आपल्याला काय, आपल्याकडं नव्हताच." उंचीचं काय करायचं हे मात्र तिला जमत नव्हतं. बावीसशे किलोमीटर उंच. भाचीनं विचारलं, लिफ्ट असेल का? आईनं पाचवी काडी झिरो माइलवर उभी धरली आणि ती विचारात पडली.

वीज आली. पंखा गरकन फिरला आणि शहर उडालं. दोन काड्या खोळीत, एक भाचीच्या मांडीवर, बाकीच्या कुठंही. आईनं सगळ्या गोळा करून पेटीत भरताना मोजल्या. पेटीवर पन्नास छापलं होतं. एकोणपन्नास भरल्या. "बघ नं, पलंगाखाली गेली असेल," ती मला म्हणाली. मी गुडघ्यांवर बसले, गाल फरशीला लावला आणि अंधारात हात घातला.